दोरीवरची दुपटी

मंगळवार, जून १९९६, सातारा

आज शाळेच्या कमिटीपुढे मुख्याध्यापकाच्या रुबाबात सांगितलं, आमच्या नव्या कॉलनीत गॅलरी-गॅलरीत दुपटी वाळतायत, बालवाडीला दोन खोल्या वाढवायलाच हव्यात. ठरावसुद्धा झाला! सगळ्यांनी पाठ थोपटली.

घरी येऊन हिला सांगितलं, तर ही हसतच सुटली. "आवं, हितं समदी आपल्यासारखी पेन्शनीला टेकलेली माणसं. लेकी बाळंतपणाला माहेरी आल्यात. बाळं जातील की आपापल्या बापाच्या घरी! आपली शालन कशाला आलीया?"

आता कमिटीला कोणत्या तोंडानं सांगू? दुपटी बघून कुणी शाळा बांधतं का?

आणि मोजायला सुरुवात मी आमच्याच गॅलरीपासून केली होती.