तण समजून उपटलेलं लॅव्हेंडर

लीड्स,
२ ऑक्टोबर २००६

प्रिय हरीशराव यांस,
मुरलीधरचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? तुमची ताई, म्हणजे आमची अनुराधा, नागपुरात एकटी खुशाल असेल, असं धरून चालतो. इथे यतीन आणि सूनबाई कस्तुरी ऑफिसला आणि नात तनू शाळेत गेली, की मी या शहराचा मोकळा नागरिक असतो.

घराजवळच्या चर्चच्या आवारात मी रोज फिरायला जातो. तिथे एका कबरीवर पांढरा दगड आहे. लेस्ली हॅडफील्ड, फायटर पायलट, ऑगस्ट १९४०, वय वीस. वीस! विसाव्या वर्षी आपल्या यतीनला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं (अजूनही येत नाही). भोवती रान माजलेलं. मला राहवेना. कस्तुरीचं चांगलं स्टीलचं उलथनं घेऊन गेलो आणि तासाभरात सगळं लख्ख केलं. शेवटचं झुडूप मुळासकट हातात आलं, तोच मागून आवाज आला, "यंग मॅन, ते लॅव्हेंडर आहे."

मागे काठी टेकत ब्याऐंशी वर्षांच्या बाई (म्हणून सदुसष्टचा मी यंग मॅन). मिस जॉइस हॅडफील्ड, लेस्लीची धाकटी बहीण. कमरेच्या ऑपरेशननंतर त्यांना वाकता येत नाही. त्यांनी लावलेलं एवढं एकच फुलझाड जगलं होतं, आणि ते माझ्या हातात! मी इतक्यांदा सॉरी म्हणालो, की बाई हसत हसत बाकावरच बसल्या. "लेस्लीलाही पिकातलं काही कळायचं नाही," म्हणाल्या. "पहिल्यांदा एकटा उडाला आणि उतरला थेट सलगमच्या शेतात!"

मग त्या बोलतच राहिल्या. लेस्ली कापडाच्या दुकानात कामाला होता आणि रविवारी विमान शिकायचा. लढाईवर जाण्याआधी घरावरून इतक्या खालून गेला, की आईचे वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांच्या अंगणात पडले. वरिष्ठांनी झापलं, आईने त्याहून जास्त. त्यानंतर पाचच आठवडे. केंटच्या आकाशात एका जोडीदाराच्या मागे शत्रूची दोन विमानं लागली. लेस्ली सुटला होता, पण त्याच्यासाठी परत वळला. जोडीदार वाचला. तो मिस हॅडफील्डना दर ख्रिसमसला पत्र पाठवायचा, पासष्ट वर्षं. यंदा जानेवारीत तोही गेला.

"आता त्याला ओळखणारी मी एकटीच," त्या म्हणाल्या, आणि माझा चिखलाचा हात धरून, "थँक यू."

हरीशराव, आभार खरं तर मी मानायला हवेत. माझी तनू याच गावात निर्धास्त शाळेत जाते. पण माझं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं. ते काही पुरेना. मी नुसते हात जोडले. मग आम्ही दोघांनी मिळून लॅव्हेंडर परत लावलं. वाकलो मी, हुकूम त्यांचे. झाडाने अजून तरी तक्रार केलेली नाही.

तुमचा,
मुरलीधर

ता. क. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये युद्धात गेलेल्यांची नावं वाचतात. लेस्लीचं नाव दर वर्षी मिस हॅडफील्ड वाचतात, पण आता त्यांचा आवाज पोचत नाही. "तुम्ही वाचाल का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून बसलो. दिवाळी मात्र त्याआधीच आहे, आणि दिवाळीला घरी येतो, असं अनुराधाला कबूल केलंय. तुम्ही तिचे भाऊ. तिचा चहा झाल्यावर तेवढं समजावून परवानगी आणा.

ता. क. २. तिकीट मी परवाच बदललंय. तेव्हा फक्त होकारच आणा.