आईचे ऐंशी अंश

प्रिय मिस्त्रीबाई,

रोज फोन असताना बाबा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो आणि फळीशेजारी तुझी आई असते. अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात गेला, कान नाही गेले. शिवाय फोनवर मला हे बोलता येणार नाही. दोन वाक्यांत मी फोन ठेवून देईन आणि तू घाबरशील. म्हणून चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नाही असं बघून, काच घासायच्या यंत्रापाशी बसलोय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर यंत्राच्या थरथरीमुळे आलं असं समज. तसं यंत्र बंदच आहे.

वेंधळ्या आठवतो ना? आपण दोघांनी बनवलेला पहिला रोबो. तीन चाकं, जेवणाच्या डब्याचं अंग आणि पोटात ती नखाएवढी फिरकीची चिप. स्वयंपाकघराच्या कडेने जायचं, कोपरा आला की बरोबर नव्वद अंशांत वळायचं, एवढंच त्याला काम होतं. आणि तो शहाणा जागेवर उभा असतानाच आपण फिरलो अशी समजूत करून घ्यायचा आणि ती चूक दुरुस्त करायला गरागरा फिरत सुटायचा. तूच मला समजावलं होतंस की बाबा, ही चिप कोन मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजते. वेगाची बेरीज करून कोन आपण काढतो. सुरुवातीला तिला काही क्षण अगदी स्थिर ठेवावं लागतं, म्हणजे स्थिर म्हणजे काय ते तिला कळतं. तेच चुकलं तर ती पुढे प्रत्येक क्षणाला थोडंथोडं खोटं मिळवत जाते. तेव्हा आई पोळपाटावरून म्हणाली होती की हा बापावर गेलाय, जागेवर बसून जग फिरून येतो. आपण तिघं किती हसलो होतो.

तीच चिप वेंधळ्याच्या पोटातून काढून मी आईच्या मनगटावर बांधली, हे तुला माहीत आहे. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की तळहात पालथा ठेवायचा आणि हळूहळू उताणा करायचा. तो किती वळतो हे त्या नुसत्या नजरेने सांगायच्या: छान, थोडं जास्त, कालच्यासारखंच. मला ते पटेना. चष्म्याची काच अंशभर तिरकी बसली तर माणसाचं डोकं दुखतं, मग बायकोच्या हाताचा हिशेब अंदाजाने का म्हणून ठेवायचा? तुला फोनवर विचारून विचारून मी पट्टा शिवला, आकडे दिसायची छोटी डबी जोडली. आईने जन्मभर किल्ल्या बनवल्या, त्यामुळे तिचं माप साधं होतं. आपल्या दाराचं कुलूप तिनेच बसवलेलं, आतूनही किल्लीनेच उघडतं, आणि पाव फेऱ्यात उघडतं. पाव फेरा म्हणजे नव्वद अंश. नव्वद झाले की आपल्या किल्ल्यांच्या दुकानाचं बंद शटर पुन्हा वर करणार, असं तिने जाहीर केलं.

मग आकडा चढायला लागला. वीस, पस्तीस, पन्नास. संध्याकाळी तुझा फोन आला की तू आधी आकडा विचारायचीस, मग तब्येत. आई तो असा सांगायची, जणू निकाल लागलाय. ती दिवसेंदिवस जास्त वेळ व्यायामाला बसू लागली, मी चहा घेऊन समोर. तुला वाटेल, बाबाला डोळे नव्हते का? होते ग, पण ते डबीवर होते. हात वळत नव्हता, ती खांद्यातून कलत होती, हे आता डोळे मिटले की स्वच्छ दिसतं. तळहात परत पालथा केला की आकडा शून्यावर यायला हवा, इतकी साधी गोष्ट मी एकदाही बघितली नाही. वरचा आकडा बघायचा आणि खूश व्हायचं. ज्या दिवशी ऐंशी झाले, त्या दिवशी तू परदेशातली ती नोकरी घेते म्हणालीस. इतके दिवस आईसाठी टाळत होतीस. आईने फोन ठेवला आणि डाव्या हाताने माझी पाठ थोपटली.

परवा मी पट्टा सोडवून टेबलावर ठेवला आणि डबी बंद करायला विसरून चहाचं आधण ठेवायला गेलो. परत आलो तर आकडा सदतीस. बघता बघता अडतीस झाला. पट्टा टेबलावर, त्याला हात लागलेला नाही, आणि आकडा चाललाय वर. मी खुर्ची ओढून आकड्याकडे बघत बसलो. आईचा हात थरथरतो ना, तो सुरुवातीला क्षणभरही स्थिर राहत नाही. त्या थरथरीलाच चिपने स्थिर मानलं. मग जितका वेळ जास्त, तितकं खोटं जास्त. इतके दिवस आम्ही हात मोजलाच नव्हता. चहाचं पाणी आटून गेलं, भांडं करपलं, तरी मला भान नव्हतं. मी स्वतःला फार शिव्या घातल्या. जी चूक वेंधळ्यात तू शाळेत असताना पकडलीस, ती मी बायकोच्या मनगटावर बांधून मिरवत होतो आणि त्या आकड्यावर तुला साता समुद्रापार पाठवायला निघालो होतो.

आईला सांगायचं कसं, या विचारात मी काल दुकानातून पायीच घरी आलो. जिना चढलो तर ती दाराबाहेर उभी. भाजीची पिशवी खाली टेकवलेली, किल्ली कुलपात आणि उजवा हात किल्लीवर. अख्खं अंग डावीकडून उजवीकडे झुकवत होती, ओठ दाताखाली, आणि किल्ली ढिम्म. मला पाहून तिने शांतपणे डाव्या हाताने दार उघडलं. मी तिथेच रडायला लागलो आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, कळलं होतं मला, बसा आधी. तुझ्या आईला, पोरी, पहिल्यापासून ठाऊक होतं. किल्ली फिरत नाही आणि आकडा मात्र फिरतोय, म्हणजे यंत्र वेडं आहे, हे तिने ताडलं होतं. एवढंच नाही, जास्त वेळ बसलं की आकडा जास्त येतो हेही तिने हेरलं होतं. म्हणून ती तासन्‌तास बसत होती. तुला सांगायला आकडा हवा होता ना! पोरीचे पाय माझ्या मनगटाला बांधायचे नाहीत, असं तिने मला ठणकावलं आणि तू जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं. तिच्यापुढे माझं कधी काही चाललंय?

आज सकाळी तुझ्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक शोधून काढला. आईने हात टेबलावर ठेवला, मी तिच्या मुठीत पेन्सिल उभी धरवली आणि रबराने बांधली, कारण ती सुटून पडत होती. मागे कोनमापक धरला आणि खांदा दुसऱ्या हाताने दाबून ठेवला. वळव म्हणालो. तिने जीव खाऊन वळवला. कपाळावर घाम आला, पेन्सिल जराशी कलली आणि थांबली. अकरा अंश. मी पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं, तरी अकराच. बरं, म्हणाली ती, निदान आता कुठून सुरुवात करायची ते कळलं. आणि उठून डाव्या हाताने कांदा चिरायला लागली, तो टेबलभर पळत होता. मी मदतीला गेलो तर ओरडली. मी दुकानात निघून आलो.

आता कबूल करतो. तू निर्धास्त जा, आई उत्तम आहे, असं दोन ओळींत लिहायला बसलो होतो. आईला तेच हवंय आणि कदाचित तेच बरोबरही असेल. पण मला ते लिहिता येत नाही. खरा आकडा अकरा आहे. जायचं की नाही ते तू अकरावर ठरव, ऐंशीवर नको. आणि जायचं ठरवलंस तरी जायच्या आधी एकदा घरी ये. आईच्या हातासाठी नको, हातासाठी मी आहे. माझ्यासाठी ये. सगळं ठाऊक असून ती समोर बसून हसते आणि मला ते बघवत नाही, मी एकटा पडलोय, ग. शब्द मोडला म्हणून ती माझ्याशी महिनाभर बोलणार नाही, चालेल. फक्त एक कर. तुझ्याकडे घराची किल्ली आहे, ती वापरू नकोस. बेल वाजव आणि बाहेर थांब. आत ती उजव्या हाताने किल्लीशी झटत असेल. थोडी फिरवायची, सोडायची, पुन्हा धरायची, अशी काहीतरी रीत तिने काढलीय, ती अजून जमलेली नाही. खूप वेळ लागेल. हाक मारू नकोस, दार ढकलू नकोस. मीही आत हात मागे बांधून उभा असेन.

तुझाच,
बाबा