सही केलेले कोरे कागद

आबा, परवा कॉलेजात माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमचे वडील खासदार होते ना? मग पुन्हा उभे का राहिले नाहीत?" मी नेहमीचं उत्तर दिलं : प्रकृती साथ देईना. तुम्ही गेल्यापासून मी हे उत्तर इतक्या जणांना दिलं आहे की सांगताना आता आवाजही हलत नाही. ते खरं नाही हे आपल्या घरात माहीत होतं. आता फक्त मला माहीत आहे, आणि एकटीला ते पेलत नाही.

अधिवेशनाला निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही लेटरहेडचे वीस-पंचवीस कोरे कागद पुढ्यात घेऊन प्रत्येकावर खाली सही करायचात आणि तो गठ्ठा माझ्या हाती द्यायचात. "माणसं लांबून येतात. खासदार दिल्लीला गेलाय म्हणून त्यांनी हात हलवत का परत जावं?" मी नुकतीच एम. ए. झाले होते. कुणाला दवाखान्यात खाट हवी असे, कुणाला पोरासाठी वसतिगृहात जागा. सोप्यात बसलेल्या माणसाचं ऐकायचं आणि तुमच्या सहीच्या वर तुमच्या वतीनं चार ओळी लिहायच्या, हे माझं काम. उचगावचा एक व्यापारी टेलिफोनसाठी दर महिन्याला यायचा. एकदा तुम्ही घरी होतात. "काय पावणं, फोन आला की पहिला कुणाला लावणार?" तो म्हणाला, "तुम्हालाच की! रोज सकाळी. म्हंजे हितवर यायचा हेलपाटा तरी वाचंल." आत चुलीपाशी आत्यासुद्धा मोठ्यानं हसली होती.

आत्या, तुमची धाकटी बहीण, नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा मी पाळण्यात होते. तुम्ही तिला माडीवरची खोली दिलीत आणि ती परत कधी जाणार, हे आपल्या घरात कुणी कधी विचारलं नाही. तेच तुम्ही लोकसभेत उभं राहून घटस्फोट सोपा करायला कडकडून विरोध केलात. घर मोडायला कायद्यानं हात लावू नये, असं म्हणालात. गावात सत्कार झाले, त्या भाषणावरच दुसऱ्यांदा निवडून आलात असं लोक म्हणत. त्याची छापील प्रत मला जवळजवळ पाठ होती. भाषण करणारा आणि बहिणीला खोली देणारा माणूस एकच होता. मला मात्र भाषणातलाच ऐकू येत असे.

तुम्ही दिल्लीत असताना हुपरीहून एका मुलीचं पत्र आलं. नवरा मारतो म्हणून ती मलकापूरचं सासर सोडून माहेरी आली होती आणि वडील परत जा म्हणत होते. "ते तुमचा शब्द मोडणार नाहीत. तिला राहू दे, एवढंच त्यांना लिहा." तुम्हाला ट्रंक कॉल करता आला असता. पत्र टाकलं असतं तरी आठवड्यात उत्तर आलं असतं. पण सही तर तयारच होती. आत आत्या भाकऱ्या थापत होती, तो आवाज ऐकत मी मुलीच्या वडिलांना लिहिलं : मुलीस सन्मानाने सासरी पोचवावे. संसार सोसण्यावर उभा राहतो, सोडण्यावर नाही.

पाच महिन्यांनी तिचा बाप आला. अजूनही डोळ्यांपुढे येतो. सकाळची वेळ आहे, तुम्ही घरी आहात. पैंजण घडवणारा माणूस, बोटं काळवंडलेली. चहा नको म्हणतो. खिशातून घडी काढून तुमच्या हातात देतो. "साहेब, हे पत्र तुमचंच न्हवं?" तुम्ही चष्मा लावता. अक्षर कुणाचं, हे तुम्हाला पहिल्याच ओळीला कळतं. माझ्याकडे बघत नाही. "व्हय. माझंच हाय."

"तिची आई म्हणत हुती, ऱ्हाऊ दे पोरगी. म्या म्हटलं, खासदारसाहेब काय उगंच लिवतील व्हय? एष्टीनं मीच पोचवून आलतो." काळी बोटं तो धोतराला पुसतो. "हिरीत घावली."

तुम्ही उठून उभे राहता. "चूक माझी झाली," म्हणता.

"तुमची कशी? बाप तर मी की," तो म्हणतो. "तिच्या आईला काय सांगू, तेवढं सांगा."

तो बराच वेळ वाट बघत बसला आणि निघून गेला.

मी शिव्यांची वाट बघत उभी होते. तुम्ही खणातले उरलेले कागद काढलेत आणि एकेका सहीवर शाईची आडवी रेघ मारलीत. सगळे संपल्यावर विचारलंत, "मी असंच लिहिलं असतं, असं वाटलं तुला?" मी हो म्हणाले. तुम्ही आतल्या दाराकडे पाहिलंत, तिथे आत्या उभी होती. "तसं वाटावं असं बोललोय खरं," एवढंच म्हणालात. त्यानंतर संसदेत त्या विषयावर तुम्ही उठला नाहीत. पक्षाची माणसं तिकीट घेऊन घरी आली, तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगितलंत. त्या संध्याकाळी तुम्ही चालत रंकाळ्याला जाऊन आलात. माझं नाव तुमच्या तोंडून शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. आत्याला माहीत होतं. तीही बोलली नाही, पण माझ्या ताटात वाढताना तिचा हात थांबायचा.

तुम्ही काय लिहिलं असतंत, हे मी अजून ठरवू शकत नाही. कधी वाटतं, तिला राहू दे असंच. कधी वाटतं, माझंच वाक्य, जरा मऊ करून. हे पत्र कुठे पोचणार नाही म्हणूनच लिहिते आहे. पोचणार असतं, तर कदाचित यातही तुमची समजूत काढणारी एखादी ओळ घातली असती. मी स्वतःला सांगते, तेव्हा लहान होते, घाईत लिहिलं. चोवीस वर्षांची होते आणि घाई नव्हती. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत ते वाक्य उतरवलेलं आहे आणि खाली लिहिलं आहे : आज पहिल्यांदा हुबेहूब आबांसारखं जमलं.