जोगळेकरांच्या प्रोग्रामच्या सोळा वाटा

हट्टा, ४ मे १९७८
घरी येऊन आठ दिवस. दादांना रजा सांगितलीय. बापाशी खोटं बोलले. खरं तर पुण्याच्या संगणक केंद्रातून काढलं. परीक्षेच्या निकालाचा प्रोग्राम जोगळेकर साहेबांचा, मागल्या खेपेला गुण चुकले तेही त्यातच. सगळ्यांसमोर म्हणाले, "सुमनबाईंचं काम. पोरकट चूक." मी त्यातली एक ओळही लिहिली नव्हती.

६ मे
प्रोग्रामची छापील प्रत ट्रंकेत आहे. गुणांच्या जागी आकडे न घेता अक्षरं घेतली. प्रत्येक 'जर'पाशी वाट फुटते; कोणत्या अटीवर, ते लिहीत जायचं. शेवटी त्या अटींत बसणारे गुण शोधले की त्या वाटेची चाचणी तयार. हे यंत्राला शिकवलं तर चाचण्या तेच काढील. बैठकीत मी हे बोलले होते. जो. साहेब हसले होते. स्वतः मनाला येतील ते दहा विद्यार्थी घालून बघतात.

९ मे
सोळा वाटा. पंधरा बरोबर. सोळावी: प्रात्यक्षिकाला गैरहजर, नंतर फेरपरीक्षा दिली. गैरहजेरीची खूण पुसलीच जात नाही. पास झालेलं पोरगं नापास.
सापडले जो.

११ मे
गप्प बसायचं. यंदाचा निकाल लागू दे, बोंब होऊ दे. मग सगळं वर्तमानपत्रात. मान खाली गेलेली बघायचीय.

१३ मे
कळमनुरीहून मावशी. तिची शकू प्रात्यक्षिकाच्या वेळी काविळीने पडून होती. फेरपरीक्षा दिली. पास झाली तर नर्सिंग, न्हाई तर जूनमधी लग्न, मावशी म्हणाली. तिचा निकालही याच प्रोग्रामवर.
मग दादांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत.
"भांडण त्याच्याशी हाय ना? मंग लेकरं काहून मधी घालून राहिली?"

१५ मे
हिंगोलीला जाऊन पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवलं. जो.ना नाही, परीक्षाप्रमुखांना. सोळा चाचण्या, प्रत्येकीचं खरं उत्तर. खाली: 'जोगळेकर साहेबांसमोरच चालवाव्यात.' दादा म्हणाले, तेवढं खोड. नाही खोडलं.

२२ मे
जो.ची तार. चूक दिसली, पण दुरुस्ती जमेना. ताबडतोब या, अहवालावर दोघांची नावं घालू.
उलट तार: आधी सगळ्यांसमोर सांगा, मागची चूक कोणाची. मग येते.

२६ मे
उत्तर नाही. निकाल सोमवारी. मावशी शकूला घेऊन आलीय. शकूने नर्सिंगचा अर्ज भरून ठेवलाय, फक्त गुणांची जागा कोरी.
तारेचा कागद समोर आहे. 'येते', एवढंच लिहायचं. आज निघाले तर उद्या पोहोचते.
दादा दोनदा दारापाशी येऊन गेले.
त्या माणसाने अजून एक शब्द... जाऊ दे. 'येते' लिहिलं.