इंजिनचं पोट फुगलं होतं, सर

सर, तुमची गाडी गेल्या महिन्यात माझ्या गॅरेजात आली. पांढरी, टर्बो डिझेल, वीस वर्षांची, डाव्या दाराला खालून गंज लागलेला. दोर बांधून टेम्पोनं ओढत आणली होती, आणि टेम्पोतून तुमच्या घरच्या बाई उतरल्या. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढी वर्षं ही चालवली कोणी, असं मी टेम्पोवाल्याला विचारलं, तर बाईच म्हणाल्या, "मीच की." अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकल्या म्हणे. तुम्ही होता तोवर स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीत. तुम्ही गेल्यावर वर्षभर गाडी अंगणात उभी होती, मग एक दिवस त्यांनी स्वतःच जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. आता भाजीला, नव्या पेठेत कापड घ्यायला, बँकेत, सगळीकडे गाडी घेऊन जातात. तुम्हाला हे आवडलं नसतं. म्हणून मुद्दाम हेच आधी लिहिलं.

गाडीचं दुखणं त्यांनी नीट सांगितलं. मागून निळसर धूर, खाली तेलाचे डाग, आणि ऑईल बघायची पट्टी आपोआप वर उचलून येते. सात रस्त्याकडच्या कुणा गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला होता, की टर्बो गेला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन संपलं. पुण्यात राहणाऱ्या तुमच्या मुलाला तेवढंच हवं होतं. गाडी भंगारात घाल आणि माझ्याकडे राहायला ये, असं तो दोन वर्षं म्हणतोय. बाई गाडीच्या टपावर हात ठेवून मला म्हणाल्या, "पोरगा वाईट न्हाय हो. पण तिथं चौथ्या मजल्यावर दिवसभर मी काय करू? ही गेली की मी पण गेलेच बघा." मी कोण ते त्यांनी ओळखलं नाही, असं मला वाटलं. गाडी मात्र मी ओळखली. तुम्ही ती आयटीआयच्या वर्कशॉपच्या दारात, सावलीत लावायचा, आणि आमच्यापैकी कोणी टेकून उभा राहिला तर आतून ओरडायचा.

त्याच वर्कशॉपमधला एका दिवसाची मी तुम्हाला आठवण करून देणार आहे. मी सतरा वर्षांचा आहे. गावाकडून, माळावरच्या मेंढ्या-शेळ्यांतून उठून मोटार मेकॅनिकच्या वर्गात आलोय, अंगाला अजून लोकरीचा वास आहे. तुम्ही स्टँडवर एक जुनं टर्बो इंजिन चालू केलंय. पट्टी टक्कन वर उडते, सगळ्या सांध्यांतून तेल पाझरतंय. तुम्ही विचारता, काय झालंय याला? पोरं वहीत डोकं घालतात. मला मात्र दिसतंय. कोवळं, ओलं कडवळ खाल्लं की आमची शेळी अशीच फुगायची. डाव्या कुशीवर थाप मारली की ढोलासारखं वाजायचं. बाप तिच्या तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधायचा, ती काडी चघळत राहायची, आणि आत कोंडलेलं वारं सुटलं की शेळी उठून चालायला लागायची. मी म्हणतो, "सर, याचं पोट फुगलंय जनू. वारं कुटंतरी कोंडलंय."

वर्ग हसला. वर्ग हसला याचं मला काही नाही, पोरं हसायचीच. तुम्ही म्हणालात, "ही शेळी आहे का रे? आधी माणसासारखं बोलायला शीक, मग इंजिनला हात लाव." आठवडाभर मला दाराबाहेर उभं केलंत. मी बाहेरून बघत होतो. तिसऱ्या दिवशी तुम्ही इंजिन उघडलंत. रिंगा धड होत्या. मग तुम्ही आतलं वारं बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरची जाळी काढलीत, उजेडाकडे धरलीत, ती काळ्या गाळानं गच्च भरलेली होती. तुम्ही दाराकडे, माझ्याकडे बघितलंत. मग डिझेलात बुडवून ती धुतलीत, बसवलीत, इंजिन शांत झालं, आणि वर्गाला सांगितलंत की रिंगा अडकल्या होत्या, आता मोकळ्या झाल्या. तुम्हाला कळलं होतं सर. चुकलात याचा राग मी कधीच सोडून दिला असता. कळून गप्प बसलात, तो राग आजही आहे. पुढं तोंडी परीक्षेत मी "न्हाय" म्हणालो, तर तुम्ही मला तीन वेळा तो शब्द परत म्हणायला लावलात, आणि नापास केलंत. मला वर्ष पुन्हा काढावं लागलं, बापानं तेही वर्ष कळप एकट्यानं फिरवला आणि मला एका शब्दानं विचारलं नाही.

मी भाषा सुधारली नाही. कागदावर लिहितो ती शाळेची, तोंडात आहे ती आईची. होटगी रोडवर माझं गॅरेज आहे, चार माणसं कामाला आहेत, आणि डॉक्टर, वकील, प्राध्यापक माझ्या समोर उभे राहून "काय झालंय हो गाडीला?" असं विचारतात, तेव्हा मी "काय न्हाय झालेलं" असंच सांगतो. त्यांना कळतं.

तुमची गाडी उघडली त्या दिवशी बाई समोर स्टुलावर बसल्या होत्या. मी आधी इंजिनच्या चारही नळकांड्यांचा दाब मोजला. चारही सारखे, चांगले. म्हणजे रिंगा शाबूत. मग इंजिन चालू करून तेल ओतायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर भाजीची पातळ पिशवी रबरानं घट्ट बांधली. बघता बघता पिशवी फुग्यासारखी टम्म झाली. बाई उठून उभ्या राहिल्या. "हे काय हो?" मी म्हणालो, "बाई, इंजिनचं पोट फुगलंय. वारं कोंडलंय आत." त्यांनी क्षणभर पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आगं बाई! आमच्या माहेरी म्हशीला व्हायचं तसं?" अक्कलकोटकडचं माहेर त्यांचं. एका दमात कळलं त्यांना. मी विचारलं, घरी सर असं काही सांगायचे का कधी? त्या म्हणाल्या, "घरी ते कुठं बोलायचे."

पुढचं त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, तुम्हाला माहीत असलं तरी ऐकून घ्या. जळलेल्या धुरातला थोडा भाग पिस्टनच्या कडेनं खाली इंजिनच्या पोटात उतरतोच, नव्या गाडीतही उतरतो. त्याला बाहेर जायला ब्रीदरची वाट असते. ती वाट बुजली की तो सगळीकडून रेटा देतो, सांध्यांतली सीलं तेल सोडायला लागतात. टर्बोला गेलेलं तेल परत खाली यायला बघतं, पण खालून दाब आहे, मग ते टर्बोच्या आत शिरतं आणि धुरातून बाहेर पडतं. लोक म्हणतात टर्बो गेला. टर्बोचा काही दोष नसतो. तुमच्या गाडीत तेल वेगळं करणारा कप्पा गाळानं भरला होता, आणि तिथून टर्बोच्या तोंडाकडे जाणारा पाईप कोणीतरी पाण्याचा बसवला होता. तेलानं तो मऊ पडला होता आणि ॲक्सिलरेटर दाबला की ओढीनं आतल्या आत चपटा होत होता. कप्पा धुवून निघेना, तेव्हा भंगारबाजार पालथा घालून तसल्याच गाडीचं, तो कप्पा आत असलेलं इंजिनचं चांगलं झाकण शोधलं, तेलाला टिकणारा पाईप टाकला, सीलं बदलली. पुन्हा पिशवी बांधली. या वेळी ती फुगली नाही, उलट किंचित आत ओढली गेली. बाईंनी टाळी वाजवली.

जवळच्या फेऱ्यांनीच असा गाळ धरतो, इंजिन नीट तापतच नाही. म्हणून बाईंना सांगितलं, आठवड्यातून एकदा तरी होटगीला त्यांच्या बहिणीकडे जाऊन यायचं, वाटेत दुसरं काम काढायचं नाही, गाडी मोकळी पळवायची. "मेकॅनिकनं सांगितलंय म्हणून सांगू का पोराला?" असं म्हणून हसल्या. चालवून बघायला त्याच बसल्या, मी शेजारी. मागं धूर म्हणून नाही. परत आलो तर मुलाचा फोन. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "संपलं नव्हतं रे, कोंडलं होतं." फोन ठेवून मला विचारलं, "हे सगळं ह्यांनीच शिकवलं असेल ना तुम्हाला? ह्यांचे विद्यार्थी ना तुम्ही? गाडीकडं बघितलंत तेव्हाच मला वाटलं होतं." मी म्हणालो, "विद्यार्थी व्हय. पण हे न्हाय बाई त्यांनी शिकवलेलं. हे माझ्या बापाचं." त्यांनी टपावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत." किल्ली घेतली आणि गेल्या. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं? गाडीच्या पुढच्या खणात ठेवावं असं मनात आलं होतं, पण त्यात बाईंचा चष्मा असतो, त्यांना पहिल्याच दिवशी सापडलं असतं. आणि एक गोष्ट त्यांनी वाचू नये, ती तुम्हालाच सांगतो. गाडी ओळखल्यावर चार दिवस मी बॉनेट उघडलंच नाही. आत शेडमध्ये जागा असून ती बाहेर उन्हात उभी ठेवली. बाई रोज सकाळी फोन करायच्या, मी म्हणायचो काम चालू आहे. वाटायचं, जाऊ दे भंगारात, तुमचीच आहे. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोरगा रविवारी न्यायला येतोय. भांडीकुंडी बांधून ठेवू का?" तेव्हा कुठं मी पाना हातात घेतला.