कठड्यावरचा टॉवेल आणि माझ्या मागची व्यवस्था

आज सकाळपर्यंत घरात आले ते असे: जाड कागदाचा एक दस्ता, वाण्याकडून, उधार नाही. निळ्या शाईची एक बाटली. आणि मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला, फी दोनशे. गेल्या महिन्यात पडशाला त्यांनी शंभर घेतले होते, म्हणजे माझे शहाणपण पडशाच्या दुप्पट किमतीचे निघाले. तळमजल्यावरच्या शिंपीदादांनी साक्षीचे काही घेतले नाही. चहा प्याले, तोही बिनसाखरेचा.

तर मी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. देवासमोर बसून लिहिते आहे, त्यामुळे खोटे लिहिण्याची सोय नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात मी स्वतःचे बरेच कौतुक करून ठेवले होते, ते रद्द समजावे.

कलम पहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरीसह, माझ्यामागे लेकीच्या मालकीच्या व्हाव्यात. मुलाचा वाटा त्याच्या शिक्षणात गेलेला आहे. त्याने तक्रार करू नये. बहिणीने, म्हणजे माझ्या लेकीने, ती काम करते त्या गोदामाच्या कंपनीशी भांडण मांडले तेव्हा त्याने मला पत्रातून कळवले होते, "तिला म्हणावं, काम मिळतंय हेच नशीब समज." ते पत्र त्याला परत देण्यात यावे.

कलम दुसरे. त्याच्या वडिलांची हत्यारे, म्हणजे लेथवरची मापे आणि कानसांचा डबा, मुलानेच न्यावीत. विकू नयेत. त्याचे वडील कारखान्यात कायम नोकरीला होते. भोंगा झाला की मी आधण ठेवायची आणि पाणी उकळेपर्यंत जिन्यात त्यांची पावले वाजायची. नियमित वेळ म्हणजे काय हे मी त्या भोंग्याकडून शिकले. लेक गोदामात लागली आणि घरातला हिशेबच मोडला. सकाळी मुकादमाचा फोन आला तर काम, नाही आला तर नाही. ती तयार होऊन, वेणी घालून, खुर्चीच्या कडेवर बसून राहायची. दूध किती घ्यायचे हेसुद्धा तो फोन ठरवू लागला. करारपत्रात तासांची जागा कोरी होती. मी चष्मा पुसून दोनदा पाहिले, मला वाटले छापायचे राहिले.

कलम तिसरे. पोस्टातील बचत: निम्मी लेकीला, निम्मी गोदामाच्या कामगारांनी चालवलेल्या मोहिमेला. मोहिमेची मागणी एकच आहे. आठवड्याचे तास कागदावर लिहून द्या, आणि बोलावले नाही तरी त्या तासांचा पगार द्या. वर्गणीचा हिशेब मी ठेवते, तो चोख आहे. याबाबतीत तरी मान वर करून सांगू शकते.

कलम चौथे. घडीचे स्टूल गोदामाच्या मुकादमास द्यावे. मोहिमेसाठी मी गोदामाच्या गेटवर बसायची तेव्हा तो म्हणायचा, "आजी, इथं बसायला मनाई आहे." मी म्हणायची, "मग उचलून ने." तो उचलत नसे आणि मी उठत नसे. पण दिवसभर उभे राहून त्याचेही पाय सुजतात हे मी पाहिले आहे. राग गेलेला नाही. स्टूल न्यावे.

कलम पाचवे. माझ्यामागे मोहिमेच्या लोकांनी शोकसभा घेतली, तर तेथे मला "राबणाऱ्यांची आई" म्हणू नये. पूर्वी मला ते आवडत असे. का म्हणू नये, ते पुढच्या कलमात आहे. सभेत ते कलम मोठ्याने वाचावे, गाळू नये.

कलम सहावे. समोरच्या इमारतीत राहणारी भिंगरी गेली सहा वर्षे माझ्याकडे भांडी, फरशी आणि गुडघ्यांना तेल चोळण्याचे काम करते. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते म्हणून मीच हे नाव ठेवले. तिला बोलावण्याची माझी एक पद्धत होती. गॅलरीच्या कठड्यावर निळा टॉवेल दिसला तर ये, नाही दिसला तर नको. पाहुणे आले, भांडी साचली, गुडघे ठणकले की टॉवेल बाहेर. लेक घरी नसली, मी एकवेळच जेवणार असले की टॉवेल आत. जितके टॉवेल तितके पैसे. फोनचा खर्च नाही, जिने उतरणे नाही. या काटकसरीचा मला अभिमान होता, शेजारणींनाही शिकवली. गेटवर बसून मी कंपनीला शिव्या देत होते आणि सकाळी घरून निघताना टॉवेल आत घेऊन निघत होते. मला त्यात काही दिसले नाही. देवाशपथ दिसले नाही.

मोहिमेच्या सह्यांचा तक्ता भरत होते, तेव्हा मी तोच भिंगरीपुढे धरला. "भिंगरे, सही कर गं. लेकीचं काम आहे."

तिने हात पदराला पुसले, अक्षर लावून वाचले. म्हणाली, "आजी, इथं मालकाचं नाव विचारलंय. तुमचं लिहू?"

मी हसले. "मी कुठली गं मालकीण? तू घरच्यासारखी."

"घरच्यासारखी आहे खरी," ती म्हणाली, "पण पाहुणे आले नाहीत म्हणून घरच्या माणसाला कोणी उपाशी नाही ठेवत."

सही न करताच तिने तक्ता ओट्यावर ठेवला आणि उरलेली भांडी घासली. एकही आदळली नाही. आदळली असती तर मला रागवायला जागा झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी टॉवेल आत वाळत घातला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. भांडी मी स्वतः घासली, बसून, कण्हत. स्वतःशी म्हणत होते की थोडी बचत होते आहे. खरे ते असे की मला तिला धडा शिकवायचा होता. पडद्याआडून बघायची. ती खाली रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी राहायची, कठड्याकडे मान वर करून, थोडा वेळ. मग जायची. त्याच आठवड्यात मी गेटवर भाषण केले. म्हणाले, "सकाळी उठून कोणाच्या मर्जीकडे डोळे लावून बसायला लावणं हे पाप आहे." टाळ्या पडल्या. मी खाली बसले आणि मला तिची वर केलेली मान दिसली. त्या टाळ्या अजून कानात चुकीच्या जागी वाजतात.

घरी येऊन टॉवेल बाहेर घातला. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिंपीदादांनी सांगितले, "ती खोलीला कुलूप लावून बहिणीकडे गेली, दुसऱ्या गावी. भाडं थकलं म्हणत होती." माझ्यामुळे थकले, हे ते बोलले नाहीत. शर्टाच्या काखेत सुई खुपसत राहिले.

म्हणून या कलमात मी आधी असे लिहिले होते: माझ्या पश्चात भिंगरीस माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या द्याव्यात. काल दुपारी ते लेकीला वाचून दाखवले. सगळे सांगितले, टॉवेलही. ती म्हणाली, "म्हणजे आता तिनं तुझ्या मरणाची वाट बघत बसायची? त्याची तरी तारीख दिलीयस का?"

मी म्हटले, "देवाच्या हातात आहे."

"मुकादमही हेच म्हणतो, आई. माझ्या हातात नाही म्हणतो."

ते वाक्य मी खोडले आहे. खोडल्याजागी सही केली आहे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे.

हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही, आजपासून लागू आहे. भिंगरीचे काम आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन तास. भांडी असोत वा नसोत, मी घरी असेन वा दवाखान्यात, पगार पूर्ण. मी गेल्यावर पुढचे सहा महिने तोच पगार माझ्या बचतीतून, वाटणीआधी. ज्या दिवसांत मी टॉवेल मुद्दाम आत ठेवला त्यांचे पैसे मनिऑर्डरने पाठवले आहेत. बांगड्या विकून तिच्या खोलीचे थकलेले भाडे आजच भरले, पावती सोबत. याला दान म्हणू नये. माफी मृत्युपत्रातून देता-घेता येत नाही, ती तोंडाने मागावी लागते, आणि ती मागायची माझी छाती अजून झालेली नाही. झाली की मागेन.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि लाज वाटली तरी त्या एका खोडलेल्या वाक्याखेरीज एकही ओळ बदलली नाही.

सही: घरमालकीण, तिसरा मजला
साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे शिंपीदादा (वाचून सही केली)
साक्षीदार दुसरे: दाखला देणारे डॉक्टर (फी वेगळी घेतली नाही)
ठिकाण: स्वयंपाकघर. तारीख सतरा, बुधवार.

या कागदाची एक प्रत भिंगरीस, बहिणीच्या पत्त्यावर.

भिंगरी, तासांची संख्या मी लिहिली आहे, वेळेची जागा कोरी ठेवली आहे. ती तुझ्या सोयीने तू भर. दोन तास कमी वाटले तर वाढवून लिही, मी घासाघीस करणार नाही. तुझ्या खोलीची किल्ली शिंपीदादांकडे नाही, माझ्याकडेही नाही, तुझी तुझ्याकडेच आहे. खोली तुझी म्हणून राहील, तू माझ्याकडे कामाला आलीस तरी आणि नाही आलीस तरी. यायचे नसेल तर तसेही लिही, कारण विचारणार नाही. काय ते उलट टपाली कळव.