सही नसलेली फाइल

३ मार्च, सोमवार

उघडत नाही! सकाळपासून तीनदा. फाइल उतरते, टिचकी मारली की निळी पाटी – ‘तुमच्या संगणकाचं संरक्षण केलं आहे. प्रकाशक अनोळखी.’ खाली एकच बटण – ‘चालवू नका’. मी चालवली नाही.

फाइल दवाखान्यातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी पाठवली आहे. चौदा तारखेला यांचं स्वरयंत्र काढणार. त्याआधी यांनी या प्रोग्राममध्ये तीनशे वाक्यं वाचून ठेवायची. मग पुढे हे टाइप करतील ते यांच्याच आवाजात ऐकू येईल. हातात अकरा दिवस. वीस वाक्यांत घसा बसतो.

पाटीकडे बोट दाखवून हे म्हणाले, “तुझी बहीण शोभते. आधी नाही म्हणते, मग विचारते कोण आहे!”

४ मार्च

बाईंना फोन केला.

“काकू, बारीक अक्षरांत ‘अधिक माहिती’ आहे बघा. तिथे दाबा. मग ‘तरीही चालवा’.”

“तरीही म्हणजे? धोका आहे असं लिहिलंय.”

“काही होत नाही हो. छोट्या लोकांनी बनवलंय, प्रोग्रामची डिजिटल सही घ्यायची राहिली असेल. सगळे असंच करतात.”

सगळे असंच करतात! विद्यापीठात एकतीस वर्षं प्रमाणपत्रं तपासली. हे वाक्य खिडकीवर रोज ऐकलं आणि सही नसलेला कागद रोज परत केला. आता घरात वेगळा नियम?

प्रोग्राम बनवणाऱ्यांना रीतसर ईमेल पाठवला. विषय, संदर्भ, विनंती – सही केलेली प्रत त्वरित द्यावी.

५ मार्च

उत्तर नाही.

६ मार्च

पोच आली! ‘आपली विनंती मिळाली.’ आपोआप आलेली दिसते, पण पोच ती पोच.

यांचा आवाज आज दुपारनंतर फाटल्यासारखा येतो आहे.

७ मार्च

मुलीचा फोन. “आई, तिकडे तुझं पत्र वाचायला कोणी बसलेलं नाहीये. दाब ना ते बटण!”

“तू लांबून शिकवू नकोस.”

“बाबांचा आवाज जायचाय, आई. तुझा संगणक गेला तर दुसरा आणू.”

फोन ठेवून दिला. मी ठेवला.

८ मार्च

दाबलं. ‘तरीही चालवा’. आयुष्यात पहिल्यांदा सही न बघता कागद पुढे सोडला.

काय उपयोग! अर्ध्यातच दुसरी पाटी – व्हायरस रोखणाऱ्या प्रोग्रामने फाइल उचलून अडकवून ठेवली. पुन्हा उतरवली. पुन्हा गायब. एकाच दारावर दोन पहारेकरी, आणि एकाचा एकाला पत्ता नाही. बाईंचा फोन बंद. शनिवार.

हे सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून माइकसमोर बसलेले.

“आवाजाला कशाला शर्ट?” मी म्हटलं.

“शेवटचा कार्यक्रम आहे बाई.”

९ मार्च, रविवार

दहा वाजता दवाखान्यातून फोन. खाट रिकामी झाली, डॉक्टर उद्याच करणार. संध्याकाळपर्यंत भरती व्हा.

उद्या! मी चौदा तारीख धरून चालले होते.

पाच तास संगणकापुढे. पहारेकऱ्याला झोपवायचं बटण सापडलं, तर निळी पाटी परत. ती ओलांडली, तर ‘परवानगी नाही’. हे मागून काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, “जरा गप्प बसा हो, मला वाचू दे.”

बसले गप्प.

चार वाजता टॅक्सी आली.

१० मार्च

झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालं.

११ मार्च

परवा हे मागून काय सांगत होते? विचारलं. यांनी हातातल्या पाटीवर लिहिलं – “आठवत नाही.” खोटं बोलताना हे नेहमी डावीकडे बघतात. लिहितानाही बघितलं.

२२ मार्च

घरी आलो. घरात माझाच आवाज. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन मीच परत येते.

२४ मार्च

बाई घरी आल्या. मीच नको म्हणत होते, पण आल्या. फाइलवर उजवी टिचकी, ‘गुणधर्म’, तळाशी एक चौकोन – ‘अडथळा काढा’. एक खूण केली. अर्धं मिनिट!

प्रोग्राम उघडला. पडद्यावर – ‘पहिलं वाक्य मोठ्याने वाचा.’



सहा मार्चलाच मी बाईंना बोलावलं असतं तर. पण मी पोच वाचत बसले होते.

यात तयार आवाजही असतात म्हणून बाईंनी एक लावला. भारदस्त, पुरुषी. यांनी पाटीवर लिहिलं – “बातम्या सांगणारा घरात नको.” मग पाटी पुसून – “तू वाच.”

२९ मार्च

तीनशे वाक्यं वाचली. चार दिवस लागले. ‘आज हवा छान आहे’ हे बाईंनी सात वेळा वाचून घेतलं. म्हणाल्या, “काकू, दम दिल्यासारखं वाटतंय.”

१२ एप्रिल

आवाज तयार होऊन आला. यांनी पहिलं वाक्य टाइप केलं, बराच वेळ घेऊन. यंत्रातून मी बोलले, खिडकीवर बोलायचे तशीच – “चूक तुझी नव्हती.”

पुन्हा लावा म्हटलं. पुन्हा तेच. या आवाजाने हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.